यकृतशोथ, बालकांतील चिरकारी (ब प्रकार)

यकृतशोथ-ब या व्हायरसाचा संसर्ग बालवयात होऊन तो सहा महिन्यांहून अधिक काळ रक्तात व यकृतात टिकून राहिल्यास त्यास चिरकारी संसर्ग म्हणतात. व्यवहारात हा विकार ‘हिपॅटायटिस बी’ या नावाने ओळखला जातो. कावीळ हे यकृतविकाराचे सर्वांत ठळक लक्षण होय. परंतु या विकारात, विशेषतः तान्ह्या मुलांत, कावीळ बहुधा होतच नाही. संसर्गाच्या वेळी वय जितके कमी, तितका आरंभ सौम्य आणि तितकाच व्हायरसाचा मुक्काम दीर्घ, असा याचा विलक्षण नियम आहे. जन्माच्या सुमारास संसर्ग झालेल्या अर्भकांपैकी सु. ९० टक्के, एक ते पाच वर्षांच्या बालकांपैकी सु. ३० ते ५० टक्के, तर प्रौढांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी व्यक्तींत संसर्ग चिरकारी होतो. त्यामुळे यकृत सूत्रण रोग व यकृताचा कर्करोग हे प्रौढ वयातील दोन गंभीर विकार पुष्कळदा पाळण्यातच सुरू झालेले असतात. या विकाराचा इतिहास म्हणजे डोळ्यांना न दिसणारा रोग वैद्यकाला कसकसा दिसू लागला, याचा इतिहास आहे.

पूर्वेतिहास : आयुर्वेदात ‘कामला’ व मराठीत ‘कावीळ’ या एकाच संज्ञेखाली अनेक भिन्न विकार शतकानुशतके एकत्र गणले गेले [→ कावीळ]. त्यांपैकी रक्तावाटे पसरणाऱ्या प्रकाराची पहिली स्पष्ट नोंद जर्मनीतील ल्यूरमान यांनी १८८५ मध्ये केली. ब्रेमेन येथील जहाजबांधणी कारखान्यातील १,२८९ कामगारांना १८८३ मध्ये मानवी लसिकेपासून बनविलेली देवीची लस टोचण्यात आली होती; पुढील काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. अन्य लस टोचलेल्या कामगारांत ती आढळली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, मानवी रक्तरस मिसळलेल्या पीतज्वराच्या लशीमुळे अमेरिकेच्या सु. ५०,००० सैनिकांना कावीळ झाली. ब्रिटिश वैद्य मॅक्कॅलम यांनी १९४७ मध्ये दूषित अन्नपाण्याने होणाऱ्या यकृतशोथास ‘अ’ आणि रक्तरसाने होणाऱ्या यकृतशोथास ‘ब’ अशी नावे सुचविली.

भारतात मात्र लक्ष वेधून घेतले ते पाण्यावाटे पसरणाऱ्या काविळीने. दिल्ली येथे १९५५-५६ च्या हिवाळ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून २९,००० हून अधिक लोकांना कावीळ झाली. जतन केलेले रक्तरसाचे नमुने पुढे तपासले असता ही साथ अ व ब या दोन्ही प्रकारांची नव्हती, असे १९८० मध्ये दिसून आले. तिच्या कारक व्हायरसास नंतर ‘ई’ प्रकार हे नाव मिळाले. साथ म्हणजे कावीळ आणि कावीळ म्हणजे दूषित पाणी, ही समजूत लोकांत दृढ होण्यास अशा घटना कारणीभूत झाल्या. पाण्याशी संबंध नसलेला आणि साथीच्या रूपाने न येणारा ब प्रकार त्यामुळे आणखीच दृष्टीआड राहिला.

प्रतिजनाचा शोध : अमेरिकन शास्त्रज्ञ बरूक ब्लूमबर्ग हे निरनिराळ्या मानवसमूहांतील रक्तप्रथिनांचे आनुवंशिक भेद अभ्यासत होते. वारंवार रक्ताधान घेतलेल्या एका रक्तस्रावी रोग्याच्या रक्तरसातील प्रतिपिंडाची एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तरसाशी विक्रिया होते, असे १९६३ मध्ये त्यांना आढळले. या नव्या घटकास ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असे नाव पडले व त्याचे वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या निवासी संस्थांत राहणाऱ्या, डाउन लक्षणसमूह असलेल्या मुलांत हे प्रतिजन वारंवार आढळू लागले. प्रथम ते आनुवंशिक लक्षण असावे असे वाटले. परंतु पूर्वी प्रतिजन नसलेल्या एका मुलात ते पुढे प्रकट झाले व त्याच काळात त्यास यकृतशोथ झाल्याचे दिसून आले. १९६७-६८ पर्यंत हे प्रतिजन ब प्रकारच्या यकृतशोथाशी निगडित आहे, हे निश्चित झाले. १९७० मध्ये डेन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण व्हायरसकण दिसला. ऑस्ट्रेलिया प्रतिजन हे त्या कणाच्या बाह्य वेष्टनाचे प्रथिन असल्यामुळे त्यास पुढे ‘पृष्ठीय प्रतिजन’ म्हणू लागले. ब्लूमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचा जन्मदिन २८ जुलै हा जागतिक यकृतशोथ दिन म्हणून पाळला जातो.

या ज्ञानाचा काही भाग बालकांवर अन्याय करून मिळविला गेला. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक येथील मतिमंद मुलांच्या शासकीय संस्थेत क्रुगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून मुलांना यकृतशोथाचा संसर्ग हेतुपुरस्सर दिला. अ व ब हे दोन स्वतंत्र रोग आहेत, हे या प्रयोगांतून १९६७ मध्ये सिद्ध झाले. संस्थेत दाखल झालेल्या मुलांना हा रोग तसाही होणारच होता, असे समर्थन संशोधकांनी केले. परंतु ज्यांना संमती देता येत नाही अशा मुलांचा असा वापर करणे गैर होते, हे मत पुढे सर्वमान्य झाले. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अध्यापनात विलोब्रुकचे उदाहरण आवर्जून दिले जाते.

मातेकडून अर्भकाकडे : रोगाचा उगम पाळण्यात आहे, हे १९७०–८० या दशकात उलगडले. स्वीडनमधील मॅग्नियस व एस्पमार्क यांनी १९७२ मध्ये याच व्हायरसाचे आणखी एक प्रतिजन वर्णिले. त्यास ‘ई’ प्रतिजन म्हणतात (वर उल्लेखिलेल्या ‘ई’ प्रकारच्या यकृतशोथाशी त्याचा संबंध नाही). ते रक्तात असणे हे व्हायरसाच्या जोरदार वाढीचे व संसर्गक्षमतेचे चिन्ह होय. तैवानमधील वाहक मातांच्या अर्भकांपैकी सु. ४० टक्के अर्भके पहिल्या सहा महिन्यांतच बाधित होतात, असे स्टीव्हन्स व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखविले. तर ‘ई’ प्रतिजन असलेल्या मातेकडून धोका सर्वाधिक असतो, हे जपानमधील ओकाडा व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सिद्ध केले. संसर्ग मुख्यत्वे प्रसूतीच्या वेळी मातेच्या रक्ताशी व स्रावांशी संबंध आल्याने होतो. गर्भावस्थेत वारेतून होणारा संसर्ग क्वचित असतो. प्रतिबंध न केल्यास ‘ई’ प्रतिजन असलेल्या मातांच्या ७० ते ९० टक्के अर्भकांना बाधा होते.

बालपणीच्या संसर्गाचा शेवट कोठे होतो, याचे उत्तर बीझ्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दिले. त्यांनी तैवानमधील २२,७०७ पुरुष शासकीय कर्मचाऱ्यांवर काही वर्षे लक्ष ठेवले. त्यांपैकी ३,४५४ जण वाहक होते. या काळात यकृताच्या प्राथमिक कर्करोगाने ४१ मृत्यू झाले. त्यांपैकी ४० वाहकांमधील होते. वाहकांतील धोका इतरांच्या तुलनेत २२३ पट भरला. एखाद्या व्हायरसाचा आणि मानवी कर्करोगाचा इतका घनिष्ठ संबंध त्यापूर्वी क्वचितच दाखविला गेला होता.

दीर्घकालीन वाटचाल : व्हायरस यकृतकोशिकांचा स्वतः थेट नाश करीत नाही, बाधित कोशिकांवर शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा जो हल्ला करते, त्यामुळे यकृतास इजा होते. अर्भकाची प्रतिरक्षा यंत्रणा अपरिपक्व असल्यामुळे ती व्हायरसास परके मानीत नाही. ही पहिली, म्हणजे सहिष्णुतेची, अवस्था होय. ती दहा, वीस किंवा अधिक वर्षे टिकते. या काळात रक्तात व्हायरस विपुल असतो. मूल मात्र खेळते, वाढते, शाळेत जाते. यकृताच्या नेहमीच्या रक्तपरीक्षाही बहुधा प्राकृत येतात.

दुसरी अवस्था प्रतिरक्षेच्या जागृतीची असते. ती बहुधा पौगंडावस्थेत किंवा तारुण्यात येते. यकृतकोशिकांचा नाश होऊन एंझाइमांची रक्तातील पातळी वाढते. हा संघर्ष आटोपता झाल्यास ‘ई’ प्रतिजन नाहीसे होऊन त्याचे प्रतिपिंड तयार होतात व रोग तिसऱ्या, निष्क्रिय अवस्थेत जातो. जन्मतः बाधित झालेल्या मुलांत तीन वर्षांच्या वयापर्यंत असे परिवर्तन दरवर्षी २ टक्क्यांहूनही कमी मुलांत घडते. पुढे हे प्रमाण वाढते. संघर्ष लांबल्यास यकृतात तंतुमय ऊतक साचत जाते व अखेर सूत्रण रोग होतो. निष्क्रिय अवस्थेतूनही रोग वर्षानुवर्षांनी पुन्हा उफाळू शकतो. कर्करोगावरील औषधे किंवा प्रतिरक्षा दाबणारी औषधे दिल्यास हा धोका विशेष असतो. व्हायरसाचा डीएनए यकृतकोशिकेच्या केंद्रकात मिटलेल्या वर्तुळाच्या रूपाने टिकून राहतो. म्हणून ‘रोग शमला’ म्हणता आले, तरी ‘व्हायरस गेला’ असे सहसा म्हणता येत नाही.

संसर्गाचे वय व मार्ग यांनुसार या वाटचालीत फरक पडतो. इटलीतील बोर्तोलोत्ती व सहकाऱ्यांनी बालपणी बाधित झालेल्या रोग्यांवर सु. २९ वर्षांपर्यंत लक्ष ठेवले. त्यांपैकी बहुतेकांतील ‘ई’ प्रतिजन कालांतराने नाहीसे झाले व कर्करोग मोजक्यांनाच झाला. पूर्व आशियातील मातृसंक्रमित मुलांत हेच परिवर्तन उशिरा होते. एकंदरीत बालवयात चिरकारी संसर्ग झालेल्यांपैकी सु. चौथा हिस्सा लोक उपचारांअभावी सूत्रण रोगाने किंवा कर्करोगाने अकाली दगावतात. कर्करोग सूत्रणाशिवाय आणि क्वचित बालवयातही उद्भवू शकतो.

महाराष्ट्रातील अनुभव : भारतात बालकांच्या यकृतविकाराचा विचार प्रदीर्घ काळ एका वेगळ्याच रोगाभोवती फिरत राहिला. ‘भारतीय बाल-यकृत सूत्रण रोग’ या नावाच्या या विकाराचे वर्णन सेन यांनी कलकत्ता येथे १८८७ मध्ये केले होते. एक ते तीन वर्षांच्या मुलाचे पोट फुगे, यकृत दगडासारखे टणक लागे आणि काही महिन्यांत मूल दगावे. एकाच घरात भावंडांमागून भावंडे जात. ब व्हायरसाची परीक्षा उपलब्ध झाल्यावर हाच त्याचा कारक असावा, असा संशय साहजिकच घेण्यात आला. परंतु तो टिकला नाही. पॉपर, नायक प्रभृतींनी १९७९ मध्ये या मुलांच्या यकृतकोशिकांत तांब्याचा अतिरिक्त साठा असल्याकडे लक्ष वेधले. पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ञ टॅनर यांच्या सहकार्याने घराघरांतील दुधाचा माग काढला. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यांत तापवून ठेवलेले गाई-म्हशींचे दूध अर्भकांना फार लवकर सुरू केले जात होते आणि तांबे दुधातून पोटात जात होते, हा त्यांचा निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टेनलेस पोलादाची भांडी रूढ झाली, स्तनपानाचा प्रचार झाला आणि हा रोग पुढील काळात जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियातील टिरोल भागातही १९०० ते १९७४ या काळात तांब्याच्या भांड्यांमुळे अशाच रोगाने १३८ अर्भके दगावल्याचे १९९६ मध्ये उघडकीस आले.

या दोन रोगांची तुलना उद्बोधक आहे. पितळी पातेल्याचा रोग आईला दिसत होता; म्हणून त्याचा शोध घेतला गेला आणि भांडे बदलताच तो हटला. ब व्हायरसाचा रोग त्याच घरांत, त्याच वयाच्या मुलांत शिरत होता. परंतु त्याची खूण दिसण्यास तीस-चाळीस वर्षे लागत आणि तोवर त्याचा बालपणाशी असलेला संबंध विस्मरणात गेलेला असे.

वर उल्लेखिलेले नायक व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये उत्तर भारतातील ८,५७५ गर्भवतींची परीक्षा प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३.७ टक्के स्त्रिया वाहक होत्या. परंतु वाहकांपैकी ‘ई’ प्रतिजन असलेल्यांचे प्रमाण दहांत एकीहूनही कमी होते. पूर्व आशियाच्या तुलनेत हे प्रमाण कमी असल्यामुळे, जन्मानंतर पहिल्या काही वर्षांत घरातल्या घरात होणाऱ्या संसर्गालाही भारतात मोठे महत्त्व येते. खरचटलेल्या त्वचेचा संपर्क, न उकळलेल्या सुया, कान टोचणे, गोंदणे, जावळ काढताना वापरलेला वस्तरा ही सर्व संसर्गाची संभाव्य द्वारे होत. हा व्हायरस वाळलेल्या रक्तातही सात दिवसांपर्यंत टिकू शकतो. उलटपक्षी एकत्र जेवण्याने, शेजारी बसण्याने किंवा कडेवर घेण्याने तो पसरत नाही. बाधित मुलास शाळेपासून दूर ठेवण्यास अथवा लस दिलेल्या अर्भकाचे स्तनपान तोडण्यास कोणताही आधार नाही.

औषधांचा शोध : काविळीवर भुईआवळीचा रस देण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. या वनस्पतीचा अर्क व्हायरसाच्या एका एंझाइमास प्रतिबंध करतो, असे वेंकटेश्वरन, मिलमन व ब्लूमबर्ग यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. मद्रास येथे त्यागराजन व सहकाऱ्यांनी वाहकांवर केलेल्या चाचणीत औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांतील पृष्ठीय प्रतिजन नाहीसे झाल्याचे १९८८ मध्ये जाहीर झाले, तेव्हा मोठ्या आशा निर्माण झाल्या. परंतु अन्यत्र केलेल्या चाचण्यांत हा परिणाम आढळला नाही. झाडपाल्याच्या औषधाने कावीळ ‘उतरल्याचा’ अनुभव पुष्कळांना येतो. त्याचे कारण असे की, अ व ई प्रकारचे यकृतशोथ बहुधा आपोआपच बरे होतात. ज्याला कावीळच झालेली नाही, अशा वाहक बालकास हा अनुभव लागू पडत नाही. बालकांसाठी इंटरफेरॉन व लॅमिव्ह्यूडीन यांचा वापर एकोणिसशे नव्वदनंतर सुरू झाला. पुढे एंटेकॅव्हिर व टेनोफोव्हिर ही अधिक प्रभावी औषधे आली. ती व्हायरसाची वाढ रोखतात, समूळ नाश करीत नाहीत. सहिष्णुतेच्या अवस्थेतील बहुतेक मुलांना औषधापेक्षा ठरावीक मुदतीने केलेल्या परीक्षांची अधिक गरज असते.

लस : वाहकांच्या रक्तद्रवातील पृष्ठीय प्रतिजन शुद्ध करून बनविलेली पहिली लस अमेरिकेत १९८१ मध्ये संमत झाली. १९८६ मध्ये यीस्टमध्ये जनुक रोपून तयार केलेली लस आली व मानवी रक्तावरील अवलंबन संपले. तैवानने जुलै १९८४ मध्ये वाहक मातांच्या अर्भकांना लस देण्यास प्रारंभ केला आणि दोन वर्षांनी ती सर्व नवजातांना लागू केली. त्याचा परिणाम चांग व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला : सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृत-कर्करोगाचे वार्षिक प्रमाण दर लाखी ०·७० वरून ०·३६ पर्यंत उतरले होते. लशीने कर्करोग टळतो, याचा हा पहिला मोठा पुरावा होय.

भारतात आयात लस सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या संस्थेने १९९७ मध्ये देशी पुनर्संयोजित लस बाजारात आणली; पाठोपाठ अन्य भारतीय उत्पादक पुढे आले व किंमत झपाट्याने उतरली. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस २००२-०३ मध्ये काही शहरांत व जिल्ह्यांत प्रायोगिक रीत्या, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११ पासून सर्व देशात समाविष्ट झाली. जन्मानंतर २४ तासांच्या आत एक मात्रा व नंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पंचगुणी लशीतून तीन मात्रा, असा तिचा क्रम आहे.

मराठवाड्यातील परिस्थिती : हा इतिहास एका तालुक्याच्या संदर्भात पाहिल्यास त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. लातूरच्या दक्षिणेस असलेले औसा हे भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे ठिकाण १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण होईपर्यंत उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात मोडत होते. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये निघाले. अंबाजोगाई येथे १९७४, नांदेड येथे १९८८ आणि लातूर येथे २००२ मध्ये अशी महाविद्यालये स्थापन झाली. म्हणजे ऑस्ट्रेलिया प्रतिजनाचा शोध लागला, तेव्हा औशातील बालकाच्या रक्तात ते शोधण्याची सोय जवळपास नव्हती. अंबाजोगाईचे महाविद्यालय निघाले त्या वर्षी जन्मलेल्या व जन्मतःच बाधित झालेल्या मुलाने आता पन्नाशी ओलांडली आहे. हेच यकृत-कर्करोगाचे वय होय.

लशीच्या आरंभाचे वर्षही असेच महत्त्वाचे आहे. राज्यात २००७ पूर्वी जन्मलेल्या बहुसंख्य मुलींना ही लस मिळालेली नाही आणि प्रसूतीसाठी येणाऱ्या मातांपैकी बहुतेक याच पिढीतील आहेत. म्हणून जन्मसमयीची मात्रा अद्याप निर्णायक आहे. सहा आठवड्यांनी दिलेली मात्रा घरातील संसर्गापासून बालकाचे रक्षण करते; प्रसूतीच्या वेळी झालेला संसर्ग मात्र ती परतवू शकत नाही. राज्यातील रुग्णालयीन प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील सु. ६५ टक्क्यांवरून २०१९–२१ च्या पाहणीत सु. ९५ टक्क्यांपर्यंत गेल्यामुळे ही मात्रा वेळेवर देणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झाले आहे. तथापि रात्री-अपरात्री किंवा सुटीच्या दिवशी होणाऱ्या प्रसूती, ऊसतोडीसाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबांत वाटेत वा फडावर होणारे जन्म, आणि एका बालकासाठी अनेक मात्रांची कुपी फोडण्यास वाटणारा संकोच या अडचणी राहतात. यांपैकी शेवटची अडचण निराधार आहे; कारण नियमांनुसार जपलेली उघडी कुपी अठ्ठावीस दिवस वापरता येते. लस २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते. गोठल्यास ती निकामी होते. म्हणून ती बर्फाच्या थेट सान्निध्यात ठेवू नये.

भारत शासनाने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरसजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात गर्भवतींची परीक्षा, वाहक मातांच्या नवजातांना लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे (प्रतिरक्षा ग्लोब्युलिनाचे) अंतःक्षेपण आणि रोग्यांना मोफत निदान व औषधे यांची तरतूद आहे. रक्तात व्हायरसाचे प्रमाण अधिक असलेल्या मातेस गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत टेनोफोव्हिर देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये केली. २०३० पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू नये, असे या संघटनेचे उद्दिष्ट आहे.

या उद्दिष्टाचे यश लगेच दिसणारे नाही. वेळेवर लस मिळालेले मूल आणि न मिळालेले मूल पहिल्या वाढदिवशी सारखीच दिसतात. त्यांच्यातील फरक कळण्यास एक पिढी जावी लागते. त्यामुळे या रोगाच्या बाबतीत आईवडिलांनी लक्षणांची वाट पाहणे व्यर्थ ठरते. वाहक मातेच्या अर्भकाची एक वर्षाच्या आसपास रक्तपरीक्षा करणे, कुटुंबातील इतरांची तपासणी करून बाधा नसलेल्यांना लस देणे आणि बाधित मुलाची, ते निरोगी दिसत असतानाही, आयुष्यभर ठरावीक मुदतीने परीक्षा करीत राहणे, हेच या रोगावरील नियंत्रणाचे मुख्य उपाय होत.